लॅम्डा बिंदूखालीच उघडणारी गळती: सुपरलीक ओळखणं, शोधणं आणि बंद करणं

तक्रार जवळजवळ नेहमी याच क्रमाने येते. क्रायोस्टॅट (अतिथंड तापमान राखणारं उपकरण) जोडून झाला, खोलीच्या तापमानाला लीक डिटेक्टर लावला, प्रत्येक सांध्यावर हेलियमचा फवारा मारला, काटा जागचा हलला नाही. द्रव नायट्रोजनने ७७ केल्विनपर्यंत उतरवलं, तरी सगळं ठीक. द्रव हेलियम भरलं, ४.२ केल्विनला रात्रभर ठेवलं, व्हॅक्यूम उत्तम. मग बाथवर, म्हणजे भरलेल्या त्या द्रव हेलियमवर, पंप लावला. दाब ५० मिलिबारपर्यंत उतरला, उकळी एकाएकी थांबली, बुडबुडे गेले, द्रवाचा पृष्ठभाग काचेसारखा स्थिर झाला. आणि तासा-दोन तासांत द्रवात बुडालेल्या आतल्या डब्यातला व्हॅक्यूम बिघडायला लागला. १.५ केल्विनला जाणारा बाथ १.८ ला अडकला, हेलियम भराभर संपलं. गरम करून पुन्हा तपासलं तर डिटेक्टर म्हणतो, गळती नाही. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

तुमच्याकडे नेमकं असंच होत असेल, तर इंडियमची (मऊ धातूची तार दाबून केलेली) सील्स चौथ्यांदा बदलण्याआधी हे वाचा. त्या रस्त्याने मी बरेच आठवडे घालवले आहेत.

या गळतीला सुपरलीक म्हणतात. साध्या वायूला किंवा साध्या द्रवाला जवळजवळ बंद असलेली, पण अतिप्रवाही, म्हणजे घर्षणाशिवाय वाहणाऱ्या, हेलियमला उघडी असलेली वाट. ही अडचण अतिप्रवाहितेच्या शोधाहूनही जुनी आहे. लायडनला कीसोम आणि व्हान देन एंडे यांनी १९३० मध्येच नोंदवून ठेवलं होतं, की हेलियम थंड होऊन 'हेलियम दोन' (२.१७ केल्विनच्या, म्हणजे लॅम्डा बिंदूच्या, खालचं अतिप्रवाही रूप) झालं की अशा बारीक छिद्रांतून त्रास होईल इतक्या सहज निसटतं, जी छिद्रं 'हेलियम एक'ला (लॅम्डा बिंदूवरच्या साध्या द्रवाला) आणि वायूलासुद्धा पक्की बंद होती. त्यांना तो प्रयोगातला अडथळा वाटला. आठ वर्षांनी, १९३८ च्या जानेवारीत, मॉस्कोहून कापित्सा आणि केंब्रिजहून ॲलन व मायझनर यांचे निबंध 'नेचर'मध्ये आले आणि त्या निसटण्याला अतिप्रवाहिता हे नाव मिळालं. कापित्सांनी घासून सपाट केलेल्या काचेच्या दोन तबकड्यांमधल्या फटीतून द्रव वाहवला होता. तशीच फट तुमच्या फ्लँजमध्ये, वेल्डमध्ये किंवा तारेच्या वेष्टनाखाली कुठेतरी तयार झालेली आहे.

डिटेक्टर खोटं का बोलतो

तो खोटं बोलत नाही. त्याला वायूबद्दल विचारलं होतं, त्याने वायूबद्दल सांगितलं.

एक कल्पनेतलं छिद्र घेऊ: व्यास १०० नॅनोमीटर, लांबी १ मिलिमीटर. गळतीचे आकडे मी मिलिबार-लिटर प्रति सेकंद या नेहमीच्या एककाच्या अब्जांशात देतो. खोलीच्या तापमानाला एका बाजूला पूर्ण वातावरणाचा हेलियम वायू आणि दुसरीकडे व्हॅक्यूम ठेवला, तर या छिद्रातून साधारण ०.३ अब्जांश इतकी गळती येते. बऱ्याच ठिकाणी १ अब्जांशाच्या आत आलं की सांधा पास करतात, म्हणजे हे छिद्र बिनबोभाट पास. आता त्याच छिद्रात ४.२ केल्विनचं साधं द्रव हेलियम घातलं. द्रव दाट असल्यामुळे हिशेब ६० अब्जांशाच्या आसपास जातो. पंप लावून बाथचा दाब ५० मिलिबारवर आणला की ढकलणारा दाबच विसावा हिस्सा उरतो आणि गळती ३ वर येते. इथवर सगळं समजुतीतलं आहे: दाब कमी, गळती कमी.

आणखी किंचित थंड केलं की बाथ २.१७ केल्विन ओलांडतो. आता द्रवाचा जो भाग अतिप्रवाही आहे त्याला चिकटपणाच नाही. तो किती वाहणार हे दाबावर किंवा छिद्राच्या लांबीवर ठरत नाही. ठरतं ते छिद्राच्या तोंडाच्या क्षेत्रफळावर आणि क्रांतिक वेगावर, म्हणजे ज्या वेगापलीकडे घर्षणरहित प्रवाह मोडतो त्या वेगावर. अरुंद वाटांमध्ये हा वेग उलट वाढतो. सेकंदाला १ मीटर धरला, तर १.५ केल्विनला याच छिद्रातून ७००० अब्जांशापर्यंत गळती होऊ शकते. बाथचा दाब उतरतो आहे आणि गळती दोन हजार पटींहून जास्त वाढते आहे. खोलीच्या तापमानाच्या आकड्याशी तुलना केली तर वीस हजार पटींच्या वर.

हा ७००० चा आकडा वरची मर्यादा समजा. व्हॅक्यूमकडच्या तोंडाशी पोहोचलेलं हेलियम बाष्प होतं, ते तोंड थंड पडतं, आणि अतिप्रवाही हेलियमची ओढ नेहमी थंडाकडून गरमाकडे असते. त्यामुळे गळती स्वतःलाच थोडी मागे खेचते. १९८३ मध्ये अवकाशात गेलेल्या इरास दुर्बिणीच्या टाकीत नेमकं हेच तत्त्व मुद्दाम वापरलं होतं: वजनरहित अवस्थेत द्रव आत राहावा आणि फक्त बाष्प बाहेर जावं म्हणून निकासाच्या वाटेत सच्छिद्र बूच बसवलं होतं. तिथे जे बूच, ते आपल्याकडे सदोष सांधा.

गळती लॅम्डा बिंदूवर एकदम पूर्ण उघडत नाही, हेही लक्षात असू द्या. २.१७ ला अतिप्रवाही भाग शून्यापासून सुरू होतो, २ केल्विनला जवळजवळ निम्मा होतो, १.५ ला नव्वद टक्क्यांच्या आसपास, आणि १ केल्विनला जवळपास सगळं द्रव अतिप्रवाही असतं. म्हणून २.१ ला पाहून 'काही नाही' असा निकाल देऊ नका.

आधी खात्री करा की हा सुपरलीकच आहे

पंप केल्यावर बाथ पुरेसा थंड होत नाही, हे एकच लक्षण चार वेगळ्या दुखण्यांचं असतं. उपचार चारही वेगळे.

पहिली शंका फिल्मची घ्या. लॅम्डा बिंदूखाली हेलियम प्रत्येक भिंतीवर सुमारे ३० नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा धरून वर चढतं, पंपाच्या नळीतून गरम भागापर्यंत जातं आणि तिथे उडतं. पंपावर फुकटचा भार पडतो आणि तळाचं तापमान अडतं. पण यात व्हॅक्यूम बिघडत नाही, हीच ओळख. फिल्म किती वाहणार हे वाटेतल्या सर्वांत अरुंद जागेच्या परिघावर ठरतं. ५ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत १ मिलिमीटर भोकाची चकती बसवली की परिघ ५० पटींनी कमी होतो. मात्र तेवढ्या भोकातून पंपाला हवा तेवढा वायू ओढता येतो का, याचा हिशेब आधी करा. छोट्या एक-केल्विन पॉटला (पंप करून सुमारे १ केल्विनला नेलेल्या हेलियमच्या छोट्या भांड्याला) चालतं, मोठ्या बाथला नाही.

दुसरी शंका नळीतल्या वायूच्या आपोआप होणाऱ्या कंपनांची. ज्या नळीचं वरचं टोक गरम आणि बंद, आणि खालचं द्रवाजवळ उघडं, त्या नळीत वायू स्वतःहून हेलकावे घेतो आणि वरची उष्णता पंप करून खाली आणतो. यांना टॅकोनिस कंपनं म्हणतात. नळीच्या डोक्यावर बोट ठेवा, गुणगुण जाणवेल. यात २.१७ ला काही विशेष घडत नाही, ४.२ लाही हेलियम जास्तच उडत असतं. नळीत सैल बोळा किंवा दांडा घातला की थांबतं.

तिसरी शंका उरलेल्या एक्स्चेंज गॅसची. पूर्वथंडाव्यासाठी आतल्या डब्यात सोडलेलं हेलियम नीट काढलं नसेल तर ते भिंतींना चिकटून बसतं. पण ते जितकं थंड कराल तितकं घट्ट चिकटतं, म्हणजे थंड करताना व्हॅक्यूम सुधारतो. बिघडतो तो नमुना गरम केल्यावर. सुपरलीकचं वागणं बरोबर उलटं.

या तिन्ही शंका फिटल्या की निर्णायक चाचणी करा: लॅम्डा बिंदू मुद्दाम पुन्हा पुन्हा ओलांडा. बाथ २ केल्विनला नेऊन स्थिर ठेवा, लीक डिटेक्टर आतल्या डब्याला जोडलेला असू द्या. मग २.३ ला वर आणा. पुन्हा २ ला न्या. असं तीनदा. सिग्नल दर वेळी खाली जाताना चढत असेल आणि वर येताना उतरत असेल, तर शंका घ्यायला जागा नाही.

यात फसायची एक जागा आहे. वर येताना नुसता पंपाचा व्हॉल्व्ह बंद करू नका. हेलियम दोन उष्णता इतकी झटपट वाहून नेतं की सगळा बाथ एकाच तापमानाला असतो. पण लॅम्डा बिंदू ओलांडला की साधं हेलियम फार वाईट वाहक ठरतं. वरचा थर तापतो, दाबमापक २.३ केल्विनचा दाब दाखवतो, आणि तळाशी अजून हेलियम दोन शिल्लक असतं, नेमकं तिथेच जिथे तुमचा सांधा आहे. सिग्नल उतरत नाही आणि तुम्ही म्हणता, सुपरलीक नाही. तळाशी छोटा हीटर हवा. तो चालू ठेवूनच वर या, आणि तापमान दाबावरून नको, तळाच्या थर्मामीटरवरून वाचा.

दुसरी फसायची जागा म्हणजे उशीर. ४ केल्विनखालच्या धातूच्या भिंती स्वतःच हेलियम धरून ठेवतात. गळती सुरू झाली तरी पहिले काही तास सगळं हेलियम भिंतींवर बसतं आणि डिटेक्टरपर्यंत पोहोचतच नाही. भिंती भरल्या की सिग्नल एकदम उसळतो. त्यामुळे लोकांना वाटतं की गळती मध्यरात्री अचानक सुरू झाली. यावरचा उपाय साधा आणि माझ्या मते सर्वांत कमी वापरला जाणारा: साठवून मोजा. बाथ १.५ ला ठेवून डब्याचा व्हॉल्व्ह दोन तास बंद करा. मग डिटेक्टर जोडा आणि डब्यातला, बाथपासून उष्णतेच्या दृष्टीने अलग असलेला भाग हीटरने २० केल्विनपर्यंत तापवा. त्यावर जमलेलं हेलियम एका लोंढ्यात बाहेर येईल. हेच २.३ केल्विनला दोन तास ठेवून करा आणि दोन लोंढ्यांची तुलना करा. मी एकट्या काट्यापेक्षा या तुलनेवर जास्त विश्वास ठेवतो.

कुठे आहे, हे कसं शोधायचं

आधी कागदावर. हेलियम दोन कोणकोणत्या भांड्यात असतं, याची यादी करा. बाथ ४.२ लाच असतो आणि फक्त एक-केल्विन पॉट पंप होतो अशी रचना असेल, तर संशयित फक्त पॉट आणि त्याच्या नळ्या. बाथचे दहा फ्लँज उघडायची गरजच नाही. डायल्यूशन रेफ्रिजरेटर (हेलियम-३ आणि हेलियम-४ च्या मिश्रणावर चालणारा शीतक) असेल तर मिश्रणाचा मार्गही यादीत घ्या.

साध्या गळतीसाठी एक जुनी युक्ती सगळ्यांना माहीत असते: द्रवाची पातळी खाली जाऊ द्या, ती ज्या सांध्याच्या खाली गेल्यावर गळती थांबते तो सांधा दोषी. सुपरलीकसाठी ही युक्ती चालत नाही, आणि इथे मी अनेकांना दिशा चुकताना पाहिलं आहे. पातळी खाली गेली तरी फिल्म सांध्यापर्यंत चढलेलीच असते. फिल्म परिघाच्या दर सेंटिमीटरमागे सेकंदाला सुमारे ०.००००७५ घन सेंटिमीटर द्रव वाहून नेते. ऐकायला नगण्य वाटतं. पण वरच्या एककात तो आकडा साडेसहा कोटी अब्जांशांच्या घरात जातो आणि आपली गळती होती ७०००. म्हणजे सांधा पूर्ण बुडालेला असो किंवा फक्त फिल्मने ओला असो, गळती चालूच राहते. पातळीवरून काढलेला कोणताही निष्कर्ष विसरा.

फरक पडतो तो उष्णतेने. गरमाकडे धावायची ओढ किती मोठी आहे पाहा: १.५ केल्विनला केवळ एक सहस्रांश केल्विनचा फरक अतिप्रवाही हेलियमचा स्तंभ सुमारे २ सेंटिमीटर उचलून धरतो. ॲलन आणि जोन्स यांनी १९३८ मध्ये दाखवलेलं हेलियमचं कारंजं याच बळावर उडतं. म्हणून संशयित सांध्यांना व्हॅक्यूमच्या बाजूने छोटे रोधक चिकटवा आणि एकेकाला काही मिलिवॉट द्या. दोषी सांधा तापला की त्याची गळती वाढते. तापवल्याबरोबर येणारी पहिली उसळी मोजू नका, ते पृष्ठभागावरून सुटलेलं हेलियम आहे. ती ओसरल्यावरही सिग्नल चढाच राहिला तर तो सांधा पकडा. द्रवाच्या बाजूने तापवून उपयोग नाही, हेलियम दोन ती उष्णता क्षणात सगळ्या बाथभर पसरवतं.

तरीही शेवटचा शब्द सुट्या चाचणीचाच. पूर्ण क्रायोस्टॅट दर वेळी थंड करणं म्हणजे दिवस आणि हेलियम दोन्ही वाया. संशयित भाग वेगळा काढा, त्याचं दुसरं तोंड बंद करा, लांब नळीच्या टोकाला लावा आणि साध्या ड्यूअरमध्ये (दुहेरी भिंतीच्या निर्वात भांड्यात) बुडवा. आत डिटेक्टर, बाहेर द्रव, आणि ड्यूअरवर पंप. आधी द्रव नायट्रोजनमध्ये पाच-सहा गोते द्या, म्हणजे जे तडकायचं आहे ते तडकेल.

माझं प्रकरण

एका नव्या सेलमध्ये, म्हणजे नमुना ठेवायच्या बंद डबीत, ही गळती होती. वरचं इंडियम सील तीनदा बदललं. पहिल्यांदा वाटलं इंडियमच्या तारेची टोकं नीट एकमेकांवर आली नव्हती, दुसऱ्यांदा वाटलं खाचेत ओरखडा आहे, तिसऱ्यांदा काहीच वाटलं नाही, फक्त आशा होती. दर वेळी गरमात निर्दोष, ४.२ ला निर्दोष, १.६ ला तीच गळती. आणि आकडाही जवळजवळ तोच. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं: सील नव्याने बसवल्यावर गळती बदलत नाही, याचा अर्थ गळती सीलमध्ये नाही.

शेवटी सेलचे तुकडे सुटे करून एकेक बुडवला. दोषी निघाली तळाची टोपी. सांधा नसलेली, घन पोलादाची, दीड मिलिमीटर जाडीची टोपी. तिच्यावर मी संशय घ्यायचं काही कारणच नव्हतं. ती लेथवर सहज कातली जावी म्हणून गंधक घातलेल्या स्टेनलेस पोलादाच्या गोल सळईतून काढली होती. टोपी कापून, घासून, आम्लाने हलकेच कोरून सूक्ष्मदर्शकाखाली धरली तेव्हा दिसलं: सळईच्या लांबीच्या दिशेने केसांसारख्या काळ्या रेषा, सगळ्या एकमेकींना समांतर. त्या सल्फाइडच्या तंतूंच्या रेषा. सळई ओढताना ते तंतू लांबत जातात. आणि टोपी सळईला आडवी कापलेली असल्यामुळे प्रत्येक रेषा एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे सरळ जात होती. कातकामात कुणाचीही चूक नव्हती. नकाशावर फक्त 'स्टेनलेस' लिहिलं होतं, आणि नकाशा माझा होता.

नवी टोपी जाड पत्र्यातून काढली, म्हणजे तंतू असलेच तर पृष्ठभागाला समांतर. गळती गेली. तेव्हापासून पातळ भिंतीच्या कोणत्याही भागाच्या नकाशावर मी धातूचा प्रकार आणि लाटण्याची दिशा दोन्ही लिहितो. पितळी सळईच्या बाबतीतही हीच काळजी घ्या.

नेहमीचे गुन्हेगार आणि त्यांचे उपाय

तारा आत नेणारे इपॉक्सीचे सांधे माझ्या यादीत सर्वांत वर. गळती इपॉक्सीतून सहसा होत नाही, होते ती तारेच्या वेष्टनाखालून. वेष्टन आणि तांबं यांच्यामध्ये जी फट असते ती तारेच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत अखंड असते. अनेक पदरी तार असेल तर पदरांमधली पोकळी ही तयार नळीच. म्हणून एकेरी भरीव तार घ्या, आणि इपॉक्सीत बुडणाऱ्या भागातलं एक सेंटिमीटर वेष्टन पूर्ण खरवडून काढा, म्हणजे इपॉक्सी थेट धातूला धरेल. ओतण्याआधी इपॉक्सी व्हॅक्यूममध्ये ठेवून बुडबुडे काढा. आणि आकार असा ठेवा की इपॉक्सी बाहेरून धातूला आवळेल. थंड होताना ते धातूपेक्षा जास्त आकसतं. नळीच्या आत भरलं तर भिंत सोडून देतं, पातळ नळीच्या बाहेरून बसवलं तर मिठी घट्ट होते.

मऊ सोल्डरच्या सांध्यात फ्लक्स (सोल्डर धातूला धरावं म्हणून लावायचं रसायन) हा खरा शत्रू. तो छिद्रात बुचासारखा बसतो, गरमातली चाचणी आरामात पास करवतो आणि थंडीत तडकतो. गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा, धुतल्यावर मगच लीक तपासा. फ्लक्ससकट केलेल्या चाचणीला काही अर्थ नाही. जिथे शक्य आहे तिथे वेल्ड करा, तोही व्हॅक्यूमच्या बाजूने आणि एकच. आतून एक आणि बाहेरून एक असे दोन वेल्ड घातले की मधल्या बंद पोकळीत हेलियम साठतं आणि शोध अशक्य होतो.

इंडियम सील नीट केलं तर उत्तम चालतं. जुनं इंडियम पूर्ण काढा, खाचेला आडवे जाणारे ओरखडे घासून टाका, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, आणि तासाभराने पुन्हा आवळा, कारण इंडियम दबत राहतं. फ्लँज पितळेचा आणि बोल्ट स्टेनलेसचे असतील तर सावध. खोलीपासून ४ केल्विनपर्यंत पितळ सुमारे ०.३८ टक्के आकसतं, स्टेनलेस ०.३० टक्के. थंडीत बोल्ट सैल पडतात. पितळी बोल्ट वापरा किंवा खाली स्प्रिंग वॉशर द्या.

वरून वार्निश किंवा ग्रीस फासून गळती बंद करू नका. मी हे आग्रहाने सांगतो. गरमात ती थांबल्यासारखी दिसते, पहिल्या-दुसऱ्या थंडाव्यात लेप तडकतो, आणि खरी जागा लेपाखाली झाकली गेल्यामुळे नंतर कुणालाच सापडत नाही.

गरम करताना: हे वगळू नका

सुपरलीक जिथून आत जाऊ देतो तिथून बाहेर येऊ देत नाही. बाथ १.५ केल्विनला असताना हेलियम त्या वाटेने बंद डब्यात, पोकळ स्क्रूमध्ये, दोन वेल्डमधल्या फटीत हळूहळू भरत जातं. मग तुम्ही गरम करायला लागता. २.१७ च्या वर ती वाट जवळजवळ बंद होते, आणि आत अडकलेलं द्रव तापत राहतं. १ लिटर द्रवाचा खोलीच्या तापमानाला सुमारे ७५० लिटर वायू होतो. बंद डब्यात एवढी जागा नसते.

म्हणून आतल्या व्हॅक्यूमच्या प्रत्येक भागाला स्वतंत्र सेफ्टी व्हॉल्व्ह किंवा फुटणारी चकती हवीच, 'तिथे द्रव जाणारच नाही' असं वाटत असलं तरी. संशयित क्रायोस्टॅट गरम करताना डब्याचा पंप चालू ठेवा, गेजवर लक्ष ठेवा, आणि डबा बर्फासारखा थंड असताना कधीही उघडायला जाऊ नका. खोलीत हवा खेळती ठेवा, निसटलेलं हेलियम ऑक्सिजनला बाजूला सारतं आणि त्याला वास नसतो.

दुरुस्ती झाली, हे कधी म्हणायचं

गरमातल्या चाचणीवर नाही. द्रव नायट्रोजनचे सहा गोते, मग हेलियममध्ये १.५ केल्विन किंवा त्याखाली किमान दोन तास साठवण, मग २० केल्विनचा लोंढा. तो २.३ केल्विनच्या लोंढ्याइतकाच निघाला पाहिजे. त्यानंतर पूर्ण गरम करून हेच पुन्हा एकदा, कारण काही इपॉक्सी सांधे दुसऱ्या थंडाव्यातच सुटतात. दुसऱ्या वेळीही दोन्ही लोंढे सारखे आले, की क्रायोस्टॅट जोडायला घ्या आणि वहीत सांध्याच्या नावापुढे तारीख, तापमान आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा.